शिवप्पांची मोहनाल

६ मे १९८६. वीरभद्राच्या तलवारीच्या म्यानाला पितळी साज बसवल्याबद्दल शिवप्पांना एकशे एकवीस रुपये पन्नास पैसे दिले. बिल एकशे बावीस रुपये पंचाहत्तर पैशांचे होते, पण सुटे नव्हते. पालखी समितीचा हिशेब तेव्हा माझ्याकडे असे.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षेही झाली नव्हती आणि गल्लीत पाणी टँकरने येत होते. मूळचे उदगीरचे शिवप्पा फुटक्या भांड्यांना डाग देऊन पोट भरत, पण त्यांचा जीव तलवारीच्या साजात. म्यानाच्या तोंडावर जे कडे बसते, त्याला मोहनाल म्हणतात. तिच्यावर त्यांनी बेलपाने कोरली आणि जोड झाकायला वर पितळेचा छोटा नंदी बसवला. दुष्काळी उन्हाने म्यानाचे लाकूड आटले होते. मोहनाल हलायला लागली, तशी त्यांनी ती ठोकून आवळली.

"आता हत्तीनं वढलं तरी निघत न्हाई," ते म्हणाले.

वीरभद्रापुढे तलवार घेऊन नाचणाऱ्या पुरवंताने ती उपसल्याशिवाय आमची पालखी हलत नाही. श्रावणात आठवडाभर भुरभुर लागली आणि ऐन पालखीच्या दिवशी तलवार निघेना. लाकूड फुगले होते, पितळ काही ताणले जात नव्हते. पालखीला चांदीचा पत्रा चढवायचे काम शिवप्पांना द्यायचे की नाही, हे त्याच दिवशी ठरायचे होते.

"मामा, म्यानासकट नाचू का?" पुरवंत गुरुलिंगने शिवप्पांना विचारले. लोक हसले.

"तलवारीला बी डाग दिला काय, शिवप्पा?" मागून कुणीतरी ओरडले.

त्यांचे दुकान समोरच होते. शिवप्पा छिन्नी-हातोडी घेऊन आले. त्यांची बायको नीलम्मा मागोमाग धावली.

"अहो, तिथं नंदी हाय!"

"जोड बी तिथंच हाय," म्हणत त्यांनी घाव घातला. नंदीचे दोन तुकडे झाले, मोहनाल उकलली आणि तलवार सरकन बाहेर आली. पालखी निघाली.

चांदीचे काम नांदेडच्या कारागिराला गेले. शिवप्पांनी नवी मोहनाल फुकट करून दिली, या वेळी श्रावणातच मापून. पुढे दरवर्षी तलवार उपसताना ते पहिल्या रांगेत हात मागे बांधून उभे राहत आणि ती निघाली की नीलम्माकडे बघत. नंदीचे तुकडे तिने देव्हाऱ्यात एकमेकांना टेकवून ठेवले आहेत.

बिलातला सव्वा रुपया अजून देणे आहे.