माणशी वाटा

भालचंद्र गद्रे यांनी सरकारी नोकरीतली शेवटची बारा वर्षं एकच गोष्ट लिहिली. हवामानाची परिषद कुठल्याही देशात असो, मंत्रालयातलं टिपण गद्र्यांचं. श्रीमंत देशांनी शंभर-दीडशे वर्षं धूर सोडून आभाळ भरून टाकलं, आता उरलेल्याची वाटणी माणशी करा. आधीपासून जास्त वापरतो म्हणून कुणाचा हक्क होत नाही. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये जेवताना ते हेच बायकोला, सुनीतीबाईंना ऐकवत, आणि पोळ्या लाटणाऱ्या ठकूबाईलाही. ठकूबाई ही हिंदुराव नावाच्या जवानाची विधवा. नवरा गेल्यावर छावणीतून निघून मराठी घरांत स्वयंपाक करू लागलेली. तिला सगळं कळत नसे, पण साहेब गरिबांच्या बाजूने भांडतात एवढं पक्कं कळलं होतं.

माणूस खोटा नव्हता. परिषदेहून हात हलवत परत आला की चार दिवस त्याला अन्न गोड लागत नसे. "सहानुभूतीने विचार करू म्हणाले," एवढंच सांगायचा.

निवृत्तीनंतर गद्र्यांनी नोएडात फ्लॅट घेतला. ठकूबाईही आली, सोसायटीच्या गच्चीवर पत्र्याच्या खोलीत राहू लागली. सोसायटीचे सेक्रेटरी अर्थातच गद्रे, कारण ड्राफ्टिंग. मे महिन्यात लाइट सहा-सहा तास जायची. जनरेटरवर घरटी एक एसी आणि गच्चीवरच्या खोल्यांचे पंखे कसेबसे चालत. मग घरोघरी दुसरा एसी आला. गद्र्यांकडेही आला, मुलाने, मानसने, पाठवलेला. जनरेटर धापा टाकू लागला.

"गद्रेसाब, आप तो एक्सपर्ट हैं, कुछ बढ़िया सा लिख दीजिए," अध्यक्ष म्हणाले.

गद्र्यांनी इंग्रजीत लिहिलं: सध्याचा वापर आधार धरून फ्लॅटधारकांचा जनरेटरवरचा भार कायम ठेवावा, गच्चीवरच्या खोल्या तूर्त वगळाव्यात. खाली सही अध्यक्षांची.

सुनीतीबाईंनी कागद वाचला. "हे तर त्यांचं वाक्य आहे. बारा वर्षं ज्यांच्याशी भांडलात, त्यांचं."

"तिथली गोष्ट बिल्कुल वेगळी," गद्रे म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

चौथ्या दिवशी दुपारी ठकूबाई खाली आली. मानेवर घामोळं उठलेलं, हातात कोरा कागद.

"साहेब, वरचे पंखे बंद केलेत. कुणी केले कोण जाणे. तुम्हीच अर्ज लिहून द्या. तुम्हाला वाट्याचं लिहिता येतं."

'मीच केले' म्हणायला एक श्वास पुरला असता. सांगायलाही लाज वाटते, पण गद्र्यांनी पेन उचललं. अर्ज मात्र फर्मास उतरला. इतकं चांगलं त्यांनी मंत्रालयातही कधी लिहिलं नव्हतं. ठकूबाईने अंगठा उठवला आणि वाकून नमस्कार केला.

रविवारी मीटिंगमध्ये गद्र्यांनीच तो वाचून दाखवला. भाषेचं सगळ्यांनी कौतुक केलं. पंख्यांवर दोन मिनिटं बोलणं झालं, मग चहा आला. गद्र्यांनी मिनिट्सच्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: पुढच्या बैठकीत सहानुभूतीने विचार केला जाईल.