अर्ध्या तासात चार बोटं वाढलेली कालवड

“चार बोटं जास्त!” अध्यक्ष माइकवर ओरडले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक तर हात मोकळा नव्हता. दुसरं म्हणजे, कोणतंही वासरू अर्ध्या तासात चार बोटं वाढत नाही.

नेरजवळच्या एका गावात दूध संस्थेनं वासरू मेळावा भरवला होता. लोकांनी आपापली वासरं धुऊन-पुसून आणायची आणि सगळ्यात चांगल्या वासराला बक्षीस द्यायचं, असा हा कार्यक्रम. मी बाभुळगावकडच्या एका डेअरीत एकतीस वर्षं वासरांचा गोठा सांभाळला. शाळा चौथीपर्यंत. आता रिटायर आहे, तरी लोक बोलावतात, पारबतामाय म्हणतात. त्या दिवशी माझं काम टेप धरायचं होतं. परीक्षण डॉक्टर करणार होते, पण ते सकाळीच एका अडलेल्या म्हशीकडे गेले. मग अध्यक्षांनी परीक्षण स्वतःकडे घेतलं आणि नियमही स्वतःच काढला. पोटाचा घेर मोजायचा. ज्याचं पोट मोठं ते वासरू खात्यापित्या घरचं. अध्यक्षांच्या अंगाकडे पाहिलं की हा नियम त्यांना कुठून सुचला ते कळत होतं.

पहिल्या मापात दोन वासरं बरोबरीत आली. एक गुलाबरावांचा गोऱ्हा. दुसरी प्रकाश आणि मंदाची दीड महिन्याची कालवड, चिमणी. अध्यक्ष म्हणाले, चहा पिऊन पुन्हा मोजू. चहा झाला, मोजलं. गोऱ्हा होता तेवढाच. चिमणी चार बोटं जास्त.

“मानलं गा प्रकाश,” अध्यक्ष म्हणाले, “तुह्या घरी खुराक हाय!”

प्रकाशनं मिशीवरून हात फिरवला. मंदा पदर सावरून फोटोच्या तयारीत उभी राहिली. ही चिमणी तिच्या माहेरच्या गाईची. गाय विताना मेली. वासरू एवढंसं, तेही जगणार नाही असं सगळ्यांनी सांगितलं. मंदानं शेजारणीच्या गाईचं दूध आणून, बाटलीनं पाजून ते जगवलं. माहेरच्या गोठ्यातलं आता तिच्याकडे एवढंच उरलं होतं.

मी टेप सोडला आणि चिमणीच्या डाव्या कुशीत टिचकी मारली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये एक खड्डा असतो. चांगल्या वासराचा तो खड्डा खड्ड्यासारखाच दिसतो. चिमणीचा वर आला होता. आवाज आला ढब. पुन्हा मारली. ढब ढब.

“काय करून राह्यल्या माय?” अध्यक्षांनी विचारलं.

“बक्षीस वाजवून पाहून राह्यली.”

मग बाकीचं पाहिलं. चिमणी दात खात होती. मागचा पाय उचलून पोटाला मारत होती. तोंडातून लाळ, श्वास भराभर. लोकांना वाटत होतं, गर्दीला घाबरली.

“काहून गा प्रकाश, सकाळी काय पाजलं हिले?”

“दूधच. दुसरं काय?”

“किती?”

“जरासं जास्त. मेळावा हाय म्हून. अन् मूठभर कणिक कालवली.”

“जरासं म्हंजे?”

“एक बादली.”

मंदाची मान गर्रकन वळली. “बादली? मी आंघोळीले गेली तेवढ्यात तुमी बादली लावली? तिले बाटलीशिवाय माईत नाई!”

“गटागट पेली न पण,” प्रकाश म्हणाला. “आवडीनं पेली.”

इथं थोडं सांगावं लागेल. वासराच्या पोटात चार कप्पे असतात. लहान वासराचं दूध चौथ्या कप्प्यात जायला हवं, तिथंच ते पचतं. मान वर करून सावकाश चोखलं की दूध सरळ तिथं जातं. बादलीत तोंड खुपसून घटाघट ओढलं, त्यातही रोजच्या तिप्पट, तर ते पहिल्या कप्प्यात सांडतं. तिथं ते आंबतं आणि गॅस धरतो. मोठं जनावर ढेकर देऊन गॅस काढतं, लहानाला ते नीट जमत नाही. पोट फुगतं आणि छातीला दाबतं. मग वासरू श्वास कोंडून मरतं. हीच पोटफुगी. तिला वेळ फार लागत नाही.

“हे पोट नाई, हवा हाय,” मी म्हणाले. “आत्ता काढा लागते.”

प्रकाशनं स्टेजकडे पाहिलं. पहिलं बक्षीस म्हणजे स्टीलची मोठी दुधाची कॅन, झेंडूचा हार घालून ठेवलेली.

“माय, दहा मिनिटं थांबा,” तो हळूच म्हणाला. “कॅन हातात पडू द्या, मंग काढा.”

“कॅन तर येईन. दूध देणारी राहीन का?”

“असं कसं म्हंता? इतकी चांगली दिसून राह्यली!”

मंदानं त्याच्या हातातला दोर ओढून घेतला. “जळो ती कॅन! माय, तुमी काढा.”

माझ्या पिशवीत पानाचा डबा नसतो, रबराची नळी असते. आधी डॉक्टरांना फोन लावला. त्यांना न विचारता मी नळी घालत नाही.

“डावी का उजवी?” त्यांनी विचारलं.

“डावी.”

“वाजते?”

“ढोलासारखी.”

“घाला नळी. गॅस निघाला नाई तर पुढे काही करू नका, म्हैस मोकळी झाली की मी येतोच.” डावी-उजवी त्यांनी विचारली ती यासाठी. उजवी बाजू फुगली, आत पाणी डुचमळलं, तर तो चौथ्या कप्प्याचा आजार. तिथं माझी नळी चालत नाही. पोटात सुई खुपसणं हेही डॉक्टरांचंच काम. मी कितीही वर्षं गोठ्यात घालवली असली तरी ते करत नाही आणि तुम्हीही करू नका.

पुढचे पाय उंचावर घेतले की गॅस वर येतो. उंच जागा एकच होती. विजेत्यांना उभं करायला एक, दोन, तीन लिहिलेल्या लाकडी पायऱ्या. चिमणीचे पुढचे पाय एक नंबराच्या पायरीवर ठेवले. मंदानं तिची मान धरली. प्रकाशला मागून धरायला लावलं, कारण लाथ त्याच्याच वाट्याला यायला हवी होती. ती आली.

नळी नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत बाहेरून मोजली आणि तिथं दोरा बांधला. त्याच्या पुढे घालायची नाही. तोंडात पिशवीतला, मधे भोक असलेला लाकडी ठोकळा दिला, नाहीतर वासरू नळी चावतं. टोकाला मेळाव्याच्या जेवणासाठी पुऱ्या तळणाऱ्याकडचं न तापवलेलं गोडं तेल लावलं. मग भोकातून, जिभेवरून, हळूहळू. वासरू गिळेल तसतशी पुढे. खोकलं तर नळी श्वासाच्या वाटेला गेली असं समजायचं आणि लगेच बाहेर काढायची.

चिमणी पहिल्या वेळी खोकली. काढली. दुसऱ्या वेळी गिळली.

अध्यक्षांना फार उत्सुकता. नळीच्या बाहेरच्या टोकाशी ते वाकून पाहत होते. हातात माइक तसाच सुरू.

फुस्स्स्स्स. लांबलचक आवाज. पुऱ्या तळणाऱ्यानं झाऱ्या खाली ठेवला. आंबट दुधाचा वास माइकमधून जात नाही, तो एकट्या अध्यक्षांना मिळाला.

मागून गुलाबराव ओरडले, “अध्यक्षांचं भाषण सुरू झालं काय?”

मी हसले नाही. हात हलला असता. डावी कूस दाबत राहिले, गॅस निघत राहिला. फेस यायला लागला तेव्हा डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं तेवढंच तेल नळीतून दिलं. तेल तोंडात ओतायचं नाही. फुप्फुसात गेलं तर वासरू पोटफुगीनं न मरता तेलानं मरतं. नळी काढताना बाहेरचं टोक बोटानं दाबून धरलं आणि चिमणीला खाली उतरवून फिरवलं. पाच मिनिटांत डाव्या कुशीत खड्डा दिसला. तिनं मंदाचं बोट तोंडात धरून चोखलं. तेव्हा मंदा पहिल्यांदा खाली बसली.

अध्यक्षांनी चेहरा धुतला आणि तिसऱ्यांदा मोजायला लावलं. नियम म्हणजे नियम. चिमणी मैदानातल्या सगळ्या वासरांत शेवटी. कॅन गुलाबरावांना. ती घ्यायला ते निघाले तसं मी म्हटलं, “गोऱ्हा वाजवून पाह्यला काय?” ते जागेवरून परत फिरले. त्यांचं पाहून सगळेच आपापल्या वासराला टिचक्या मारायला लागले. दहा मिनिटं बक्षीस घ्यायला कोणी येईना.

डॉक्टर दुपारी आले. चिमणीला तपासलं, औषध दिलं. पुढच्या वेळचं दूध द्यायचं नाही, मीठ-साखरेच्या पावडरीचं कोमट पाणी द्यायचं, मग थोडं थोडं दूध, बाटलीनं आणि ठरल्या वेळी. हे त्यांनी प्रकाशला सांगितलं. मंदानं ते त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

जेवण झाल्यावर अध्यक्ष खुर्चीत रेलून पोटावर हात फिरवत होते. पुऱ्या किती खाल्ल्या ते मी मोजलं नाही.

“माय,” ते म्हणाले, “पोट गच्च झालं. काही उपाय?”

“हाय न.” मी पिशवी जवळ ओढली. “पण नळी अजून धुतली नाई.”

अध्यक्ष उठले आणि मैदानाला दोन चकरा मारून आले. फिरल्यानं बरं वाटतं, हे मी वासरांच्या बाबतीतही पाहिलं आहे.

चिमणी आता गाभण आहे. एक नंबरावर पाय ठेवलेला तिचा फोटो मंदाच्या घरात लावलेला आहे. पाहुण्यांना ती पहिलं बक्षीसच सांगते. संस्थेनं पोटाचा घेर मोजणं बंद केलं. तुमच्या वासराच्या पोटाचं कोणी कौतुक केलं तर आधी डाव्या कुशीत टिचकी मारा, आभार मागून माना.