‘यांना म्हणावं…’

सकाळी दूध तापायला ठेवलं होतं, तेवढ्यात आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सुमन. एरवी तिचा फोन ‘बेबी, झाला का चहा’ इथूनच सुरू व्हायचा. माझी साठी उलटली तरी तिच्यासाठी मी बेबीच. त्या दिवशी ती एकदम म्हणाली, “बेबी, यांना सांग, उठा म्हणावं. उठंनात.” मला त्यात वावगं काही वाटलं नाही, कारण नवऱ्याला काही सांगायचं तर ते दुसऱ्याच्या तोंडून, ही तिची जुनी रीत. मी म्हटलं, दे त्यांच्याकडं. तिनं फोन दाजींच्या उशाशी धरला असावा. बांगड्या वाजल्या, मग नुसती पंख्याची घरघर. मी मोठ्यानं म्हणाले, “दाजी, उठा आता, लई वेळ झाला.” पुन्हा पंखाच. गॅस बंद केला एवढं आठवतं. हर्सूलहून मुकुंदवाडीला आक्काच्या घरी पोचेपर्यंत रिक्षात मी फोन तसाच कानाला धरून होते, आणि पलीकडून आक्का अधूनमधून विचारत होती, उठले का गं.

दाजींना जाऊन आता दीड महिना होत आला. भेटायला येणारे विचारतात, शेवटचं काही बोलले का, कुणाशी बोलले… मी चहा टाकायला उठते. त्यांच्या कानाशी शेवटचे शब्द पडले ते माझे, आणि तेही ते गेल्यावर. ज्या बाईचे पडायला हवे होते ती शेजारी फोन धरून उभी होती. या गोष्टीचा मला राग येतो. कुणाचा येतो ते मात्र ठरवता येत नाही, आणि हे लिहायला बसले ते बहुधा त्यासाठीच.

दाजी पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि बोलण्यात कुणाला हार जाणारे नव्हते. लग्नाच्या पंगतीत आग्रह करायला हमखास त्यांनाच उभं करायचे. मला ‘मेहुणीबाईसाहेब’ म्हणून वाकून कुर्निसात करायचे, आणि वर ‘तुम्हाला दाखवून तुमची बहीण गळ्यात मारली’ अशी कायमची तक्रार. आक्का लग्न होऊन आली तेव्हा बारावी झालेली होती. मूल झाल्यावर तिला डी.एड.ला घातलं ते दाजींनी, घरचे सगळे नाकं मुरडत असताना. ती अभ्यासाला बसली की हा माणूस पोराला मांडीवर घेऊन वेड्यावाकड्या पोळ्या लाटायचा. ती मोठ्यानं पाठ करायची, त्यामुळे बालमानसशास्त्राची उत्तरं दाजींनाही पाठ झाली होती, आणि ते आम्हा पोरींना ती ऐकवायचे. ती परीक्षा दोघांची होती असं म्हटलं तरी चालेल. म्हणूनच पुढं जे झालं ते अवघड झालं.

शेवटच्या पेपरच्या दिवशी सकाळी आमच्या गावी, कन्नडच्या अलीकडं, आईची तब्येत एकदम ढासळली. गावातल्या बूथवरून दाजींच्या ऑफिसात फोन मीच केला होता. आईचं काही खरं नाही, आक्काला घेऊन लगेच निघा, एवढंच बोलले. ते म्हणाले, निघतो. परीक्षेचं केंद्र क्रांती चौकाजवळ होतं, ऑफिसपासून चालत जाण्यासारखं. दाजी तिथं गेले, पण आत गेले नाहीत. फाटकाबाहेरच्या लिंबाखाली पेपर सुटेपर्यंत उभे राहिले. दोन वर्षांची मेहनत, तीन तासांचा प्रश्न, तेवढ्यानं काय होतंय… असं त्यांनी धरलं असणार. आक्का बाहेर आली तेव्हा त्यांनी आधी विचारलं, “पेपर कसा गेला?” ती उत्तर देणार तोच म्हणाले, चल, आईला बरं नाही. एसटीत बसल्यावर तिनं विचारलं, फोन कधी आला. दाजींना खोटं बोलता येत नसे. म्हणाले, सकाळी.

त्या ‘सकाळी’नंतर आक्का त्यांच्याशी कधी बोलली नाही. इकडं आई दुपारपर्यंत ‘सुमी आली का’ विचारत होती. मग विचारायची थांबली, आणि गाडी फाट्यावर येऊन लागायच्या आत गेली. मी तिच्या उशाशी होते. त्यामुळं आक्काचा राग मला उगाच वाटत नाही, तो कुणी उगाच म्हटला तर मी भांडते. पण फाटकाबाहेर लिंबाखाली उभा राहिलेला माणूसही मला दिसतो.

आपल्याकडं अबोला ही काही नवलाची गोष्ट नाही. जावाजावांत असतो, भावाभावांत असतो. चार दिवसांनी एकाला ठसका लागतो, दुसरं पाणी देतं, सुटतो. यांचा पस्तीस-छत्तीस वर्षं चालला. आक्का शाळेत नोकरीला लागली, घर झालं, सण झाले, दुखणीखुपणी झाली, सगळं ‘यांना म्हणावं’ आणि ‘हिला म्हणावं’ यावर. मुलगा बोलायला लागला तेव्हापासून निरोप्या झाला. मी गेले की मी. घरात कुणीच नसलं तर स्वयंपाकघराच्या दारातला माठ. आक्का माठाकडं तोंड करून म्हणायची, “यांना म्हणावं, भाकरी थंड होतीय.” दाजी येऊन ओगराळ्यानं पाणी घेत आणि माठालाच सांगत, “हिला म्हणावं, आलो.” दाजी म्हणायचे, हा माठ नसता तर आम्ही उपाशी मेलो असतो. आल्यागेल्याला ही मोठी गंमत वाटायची. मुलाला वाटली नाही. तो पुण्यात नोकरीला लागला आणि महिन्या-महिन्याला एक फोन करायचा, दोघांना वेगवेगळा.

गेल्या वर्षी दाजींच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी चालणं, प्राणायाम, शांतता असं सांगितलं, आणि मुलानं गौताळ्याच्या जंगलाकडच्या एका आश्रमात योग आणि ध्यानाच्या निवासी शिबिरात त्यांची नावं घातली. शिबीर मौनाचं. मी फोनवर त्याला म्हटलं, अरे, तुझ्या आईबापांना मौन शिकवायला पाठवतोस व्हय, त्यांनीच शिबीर घ्यावं अशी त्यांची योग्यता. तो हसला नाही. म्हणाला, “मावशी, तू पण जा. त्यांच्या मधी कुणीतरी लागतं.” असं आम्हा तिघांचं जाणं झालं. कन्नडच्या अलीकडं आमच्या गावाचा फाटा लागला तेव्हा दाजी एका खिडकीतून बाहेर बघत होते आणि आक्का दुसऱ्या. मी मधे बसून समोरच्या काचेकडं बघत होते.

फाल्गुन लागलेला, पळस पेटलेले, आणि सागाची पानं गळून जमिनीवर इतका थर झालेला की मांजर चाललं तरी कळावं. गेल्या गेल्या फोन काढून घेतले. बायकांच्या कुट्या एकीकडं, पुरुषांच्या दुसरीकडं, मधे ध्यानाचा मांडव. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की जेवायचं, कुणाशी बोलायचं नाही, खाणाखुणा नाहीत, नजरेला नजर द्यायची नाही. पहिल्याच दिवशी एका बाईंना रडू कोसळलं, एक गृहस्थ घरी निघून गेले. मला तर बोलायला नाही म्हटल्यावर पोटात दुखायला लागलं. आक्का मात्र माहेरी आल्यासारखी निवांत. तिला काही सोडावंच लागलं नव्हतं.

पण एक गोष्ट मी बघितली. दाजी डावा पाय जरा ओढत चालायचे. सकाळच्या फेरीला पुरुष आमच्या कुटीवरून पुढं जात, आणि पानांतून तो ओढता पाय आला की डोळे मिटून बसलेल्या आक्काचा श्वास मोकळा होई. हे मी शेजारी बसून रोज ऐकलं. एका सकाळी तो आवाज आलाच नाही. सगळे पुढं गेले, पानं शांत झाली. आक्का उठली, नियम मोडून सरळ पुरुषांच्या बाजूला गेली आणि त्यांच्या कुटीसमोर उभी राहिली. मी मागं. थोड्या वेळानं दाजी बादली घेऊन बाहेर आले. अंघोळीला उशीर झाला होता, बाकी काही नाही. दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिले. मला वाटलं, आता बोलेल. आक्का वळली आणि मांडवाकडं चालू लागली.

शेवटच्या दिवशी मौन सोडायचा कार्यक्रम होता. गुरुजी तरुण होते, नाशिककडचे, मनानं फार चांगले. त्यांनी सगळ्यांसमोर आमच्या जोडीचं कौतुक केलं. म्हणाले, “किती नवरा-बायको इथं येतात, दुसऱ्या दिवशी खुणा सुरू होतात. पण हे काका-काकू बघा. मौन काय असतं ते यांच्याकडून शिका.” तेवढ्यात दाजींना हसू फुटलं. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी आक्काकडं बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. इतक्या वर्षांत त्या दोघांनी एका वेळी एकाच गोष्टीला हसल्याचं मला आठवत नव्हतं. गुरुजी गोंधळले, पण तेही हसले. मग म्हणाले, पहिला शब्द जपून बोला, जे बोलायचं राहिलंय ते बोला.

घंटा झाली. मांडवात एकदम गलका उठला. दाजी उठले, पानांतून पाय ओढत बायकांच्या बाजूला आले आणि आक्कासमोर उभे राहिले. माझ्याकडं बघितलं नाही, मध्यस्थ घेतला नाही. म्हणाले, “पेपर कसा गेला होता?”

आक्का उठली, कोपऱ्यातलं आपलं ताट उचललं आणि नळावर जाऊन घासायला लागली. ते आधीच घासलेलं होतं. मी तिच्यामागं जायला निघाले तर दाजी म्हणाले, “ऱ्हाऊ दे बेबी. विचारायचं व्हतं, विचारलं.”

परतताना चहाला थांबलो. आक्का गाडीतून उतरली नाही. मी दाजींवर चिडले होते. म्हटलं, माफी मागायची सोडून पेपरचं काय काढलंत, ती पास झाली, मास्तरीण होऊन रिटायर झाली, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. दाजी कपाकडं बघत होते. म्हणाले, “पास झालेलं कागदावर दिसतं गं. तिनं सांगितलं नाय कधी. पेपर बरा गेला असंल तर माझं निम्मंच चुकलं.” मग म्हणाले, हे तिला सांगू नको. मला त्यांच्या या बोलण्याचा तेव्हाही त्रास झाला, आजही होतो. माणसानं आपल्या चुकीतला अर्धा भाग परत मिळवायला असं झुरत बसावं, आणि तो देणं जिच्या हातात तिनं ताट घासावं… दोघांनाही धरून हलवावं असं वाटायचं. दोन महिन्यांत ते झोपेतच गेले.

सुतक फिटायच्या दिवशी घर धुवायला काढलं. दाजींच्या बहिणीनं रिवाजाप्रमाणं मातीचं जे काही होतं ते बाहेर टाकायला घेतलं आणि माठाला हात घातला. आक्का कोपऱ्यात बसून होती, ती उठून आली. म्हणाली, माठ ठेवा. नणंद म्हणाली, “वयनी, सुतकातला माठ ठेवत नसतेत.” आक्कानं तो तिच्या हातातून घेतला, परत तिवईवर ठेवला आणि भोवतीचं ओलं फडकं नीट केलं.

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडं गेले होते. दुपारची वेळ. मला पाणी आणायला म्हणून ती आत गेली. ओगराळं माठाला लागल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज आला, नेहमीचा, भाकरी थंड होतीय म्हणताना असायचा तसाच.

“यांना म्हणावं, पेपर चांगला गेला होता. सगळं आलं मला.” ती थांबली. “पण पुढच्या वर्षी बी देता आला असता म्हणावं.”

पेला माझ्या हातात देऊन ती समोर बसली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. इतकी वर्षं अशा वेळी दाजींचं उत्तर मीच तिला आणून दिलं होतं. मी पाणी न पिता पेला खाली ठेवला आणि चहाच्या टपरीवर ते जे बोलले होते ते तिला सांगितलं, त्यांच्याच शब्दांत. ती ऐकून घेत होती. बाहेर मुकुंदवाडी स्टेशनात गाडी येऊन थांबली, गेली. मग मान हलवून म्हणाली, “निम्मं… व्हय.” आणि माठात पाणी भरायला उठली.