बस्तर तर जवळच आहे

लग्न होऊन मी दुर्ग शहराजवळच्या वैशाली नगरच्या या घरात आले तेव्हा घरात वर्दी एकट्या माझ्या नवऱ्याची होती. सासरे पोलाद प्लांटच्या कोक ओव्हनमधून, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवरून, रिटायर झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे शेतकरी. धाकटा दीर तेव्हा भरतीसाठी पहाटे मैदानावर पळायला जायचा. नवरा केंद्राच्या अर्धसैनिक दलात. तो सुटीवर आला की सासूबाई त्याची वर्दी स्वतःच्या हातानं धुवायच्या आणि गच्चीवर रस्त्याच्या बाजूनं वाळत घालायच्या. ती खालून कशी दिसते हे बघायला मी उगाच दुकानात एक चक्कर मारून यायचे.

मग दीर फौजेत लागला आणि त्याचं लग्न झालं. जाऊ इथल्याच जुनवानी भागातली, वडील प्लांटमध्ये अधिकारी. इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठी बोलता बोलता मधेच हिंदीत शिरणारी. ती वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. ती वाईट नव्हती. मला ‘ताई’ म्हणायची, भाकरी जमत नव्हती तर माझ्याकडून शिकून घेतली.

पण गच्चीवरची जागा बदलली. पुढच्या दोरीवर दिराची वर्दी, मागच्या दोरीवर आमची. बैठकीत टोपी घातलेला दिराचा मोठा फोटो लागला आणि माझ्या नवऱ्याचा फोटो देवघराच्या वाटेवर गेला, जिथं दिवसाही लाइट लावावा लागतो. सासूबाईंचा गुडघा फौजेच्या दवाखान्यात बरा झाला. रायपूरच्या फौजी कॅन्टीनमधून मिक्सर आला, बॅगा आल्या. जाऊ माझ्यासाठीही काहीतरी आणायचीच. मी ते घ्यायचे, ‘छान आहे’ म्हणायचे आणि कपाटात सगळ्यात खाली ठेवून द्यायचे.

दीर पेन्शनीत निघणार, माझा नवरा बिनपेन्शनीचा. दीर कामी आला तर शहीद. माझ्या नवऱ्याच्या नशिबी तो शब्द सरकारी कागदावर नाही, भाषणात तेवढा आहे. हे मला नवऱ्यानंच एकदा हसत हसत सांगितलं होतं. मला हसू आलं नाही. दोघांना पाठवणारं सरकार एकच, दोघांची आई एकच. मग हा भेद कुणी केला?

शेजारच्या काकू विचारायच्या, “धाकटा बॉर्डरवर, अन् मोठा कुठं?”

“बस्तरले.”

“अस्सं! मग तर जवळच आहे. चांगलं झालं बाई.”

जवळच. दुर्गहून बसमध्ये बसलं की एका दिवसात माणूस जगदलपूर ओलांडतो, हे खरं. पण तिथून पुढच्या, नक्षल्यांच्या जंगलातल्या कॅम्पात तो पोचला की कधी कधी आठवडा आठवडा फोन नसायचा. तिथं जवान पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे, पिण्याचं पाणी नाल्यातून गाळून आणायचे. दर पावसाळ्यानंतर कुणी ना कुणी मलेरियानं लोळत असायचा. दिराचा व्हिडिओ कॉल मात्र बर्फातून यायचा. जाऊ फोन सगळ्यांसमोर फिरवायची. “बघा बघा ताई, किती बर्फ!” मी बघायचे. बर्फाचासुद्धा मला हेवा वाटायचा.

त्या उन्हाळ्यात सीमेवर तणातणी सुरू झाली. टीव्हीवर दिवसभर नकाशे आणि आरडाओरडा. आमच्याकडे ब्लॅकआउटचा सराव झाला, प्लांटचा भोंगा वाजला आणि सगळ्या कॉलनीनं हौसेनं दिवे घालवले. जाऊ जेवेना. तिचं दुःख खरं होतं, मी ते जवळून पाहिलं. पण कॉलनीतल्या बायका रोज संध्याकाळी आमच्या घरी यायला लागल्या. कुणी मंदिरातला अंगारा आणायची, कुणी शिरा. जावेला मधे बसवायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या. चहा मी करायचे.

अशाच एका संध्याकाळी बैठक बायकांनी भरली होती. मी चहाचा ट्रे घेऊन आले. टीव्हीवर निवेदक सीमेबद्दल ओरडत होता आणि खाली पट्टी सरकत होती. त्या पट्टीत बस्तर दिसलं. रस्त्यात स्फोट, जवानांची गाडी. पुढचं वाचायच्या आत पट्टी निघून गेली आणि सोन्याचा भाव आला.

मी ट्रे धरून उभी. कुणाचंच लक्ष नव्हतं. काकू म्हणाल्या, “साखर कमी टाकली का वं?” पट्टी पुन्हा यायची वाट बघत मी तिथंच उभी राहिले. ती आली. गावाचं नाव त्याच्याच कॅम्पाजवळचं होतं.

आत जाऊन फोन लावला. लागला नाही. लावत राहिले. बाहेर बायका आरती म्हणायला लागल्या होत्या. त्या आरतीत मला ओरडायचं होतं, की बंद करा, माझा माणूस तिकडं मरून पडला असेल. नाही ओरडले. ती संध्याकाळ जावेची होती, माझी नव्हती. अशा वेळीही मला रडायला घरात जागा नाही, हे मनात आलं आणि जावेचा फार राग आला. मी पुन्हा नंबर लावला.

जाऊच आत आली. माझा चेहरा बघून म्हणाली, “ताई, काय झालं?” मी फोन दाखवला. तिनं बाहेर जाऊन आरती थांबवली. बायका चपला घालून मुकाट्यानं निघून गेल्या. जाताना एकीनंही माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. त्यांना सुचलं नसेल. बस्तर तर जवळच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. “मी बरा आहे,” नवरा म्हणाला. मग, “तो गेला.”

‘तो’ म्हणजे त्याचा जोडीदार. अहिवाऱ्याजवळच्या खेड्यातला, दोघांच्या खाटा शेजारी शेजारी. सुटीवर जाता येता तो आमच्याकडे जेवून जायचा. माझ्या हातचं वांग्याचं भरीत त्याला फार आवडायचं. भाकरीला ‘मोटी रोटी’ म्हणायचा.

महिन्याभरानं नवरा सुटीवर आला. एका दुपारी जेवताना, मी न विचारताच, त्यानं सांगितलं.

“रस्ता तपासाले टाइम लागते. पायी चालून, एकेक पुलिया, रस्त्याखालची मोरी पाहून. आमी तेच करून राहिलो होतो. वरून निरोप आला, रस्त्याच्या उद्घाटनाची तारीख ठरली, इलाका मोकळा झाला म्हणून सांगून टाकलं आहे, गाड्या काढा. आमचा साहेब नाही म्हणाला. तर त्याले विचारलं, डर लागून राहिला का तुमाले?”

“मग?”

“मग काय? काढल्या गाड्या.”

“कोणी विचारलं त्याले तसं? नाव सांगा.”

“नाव कायले पाहिजे तुले? जो विचारते तो गाडीत बसत नाही, एवढंच ध्यानात ठेव.” त्यानं ताटात हात धुतला. अर्धी भाकरी तशीच राहिली.

आम्ही दोघं जोडीदाराच्या घरी गेलो. तिथलं बोलणं छत्तीसगढीत झालं, मी माझ्या भाषेत लिहिते. अंगणात शेणानं सारवलेली जमीन, भिंतीवर हार घातलेला फोटो. त्याची बायको माझ्याहून लहान. तिनं पाणी दिलं. तिच्या सासऱ्यानं सांगितलं की नेते येऊन गेले, गावाच्या वेशीवर मुलाच्या नावाची कमान बांधू म्हणाले, शाळेला नाव देऊ म्हणाले. नंतर तो सासरा सरकारी कार्यालयात विचारायला गेला तर तिथला माणूस म्हणाला, शहीद असा शब्द आमच्या नियमात नाही, कमानीचं पंचायतीत विचारा. पंचायतीनं वर विचारायला सांगितलं.

त्यांची छोटी मुलगी सरळ येऊन माझ्या नवऱ्याच्या मांडीवर बसली. वर्दीतली माणसं तिला सगळी सारखीच वाटत असतील, पण तो तेव्हा साध्या शर्टातच होता. कशानं ओळखलं कुणास ठाऊक.

तिची आई ते बघत होती. मग तिनं विचारलं, “तुम्ही तर नेहमी त्याच्या शेजारी बसायचे ना? त्या दिवशी कुठं होते?”

“मागच्या गाडीत,” नवरा म्हणाला.

“मागच्या गाडीत,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. गळ्यापासून पायातल्या जोडव्यांपर्यंत तिनं मला बघितलं. तिचे डोळे कोरडे होते. ते बघणं मला नवीन नव्हतं. तसंच मी इतकी वर्षं जावेकडे बघत आले होते. मी पदर ओढून मंगळसूत्र झाकलं. तिनं तेही पाहिलं.

परतताना मोटारसायकलवर नवरा म्हणाला, “ते बोलली त्याचं वाईट नको मानू.”

“मी काऊन मानू?” मी म्हटलं. वाईट वाटलं नव्हतं. भीती वाटली होती. कुणाच्या तरी डोळ्यांत माझं नशीब इतकं मोठं असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मला वाटलं होतं, ते पाहून आल्यावर माझा जावेबद्दलचा हेवा जाईल. पंधरा ऑगस्टपर्यंतही तो गेला नाही. नवरा कॅम्पात परतला होता. कॉलनीच्या मैदानावर मांडव पडला, वीर परिवारांचा सत्कार ठेवला होता. समितीच्या बाईंनी मला सांगितलं, “रांगोळी तुम्हीच काढा, तुमचा हात छान आहे.” मी काढली. त्याच रांगोळीला वळसा घालून जाऊ स्टेजवर गेली, शाल आणि नारळ घ्यायला. जायच्या आधी ती समितीच्या माणसाशी काहीतरी बोलत होती. तो मान हलवत म्हणाला, “वो तो फोर्स में हैं ना भाभीजी. उनका अलग से देखेंगे.” मी जवळच होते, मला ऐकू आलं. फोर्स म्हणजे अर्धसैनिक दल, फौज नव्हे.

नेते आले. सीमेबद्दल बोलले, टाळ्या झाल्या. मग म्हणाले, आपल्या राज्यातही आता शांतता आली, जिथं वाट नव्हती तिथं आम्ही रस्ता नेला. पुन्हा टाळ्या. सासरे माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, गुडघ्यांवर हात ठेवून तसेच बसून राहिले.

भाषण संपल्यावर मांडवाच्या मागे चहा होता. मी सरळ तिथं गेले. नेत्यांसमोर उभी राहिले आणि हिंदीत विचारलं, “तुम्ही म्हणता रस्ता नेला. रस्ता तपासून होण्याआधी गाड्या कुणी काढायला लावल्या?”

ते रागावले नाहीत. हातातला कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, “बहनजी, आपके पति सकुशल हैं?”

“हो.”

“बस, ईश्वर की कृपा है.” त्यांनी हात जोडले आणि दुसऱ्या माणसाकडे वळले. कुणीतरी मला कागदाच्या पुडक्यात लाडू दिला.

मी बाहेर आले तर जाऊ माझ्या मागे पळत आली. तिनं खांद्यावरची शाल काढली आणि माझ्या अंगावर घालायला लागली. “ताई, ही तुमची आहे. मी बोलले होते त्यांना, वो लोग माने ही नहीं.”

“मले नको तुही शाल,” मी म्हटलं. “देणाऱ्यानं मले द्यावी. तू काऊन देते?”

ती भर रस्त्यात रडायला लागली. मी तिला गप्प केलं नाही. आम्ही घरी आलो ते रस्त्याच्या दोन कडांनी. सासरे मधून चालत होते.

दिवाळीला बऱ्याच वर्षांनी दोघं भाऊ एकदम घरी होते. त्यांच्यात असूया कधीच नव्हती, ती आम्हा बायकांच्या वाट्याला आली होती. माझ्यातच म्हणा ना. गच्चीवर ऊन खात दोघं बसले होते आणि मी पापड उलटवत होते. दीर विचारत होता, “दादा, आमच्याकडं गाड्या निघायच्या आधी रस्ता पाहणारी टीम येगळी असते. सुरुंग शोधणारी मशीन असते. तुमच्याकडं कोण पाहते?”

“आमीच.”

“अन् मशीन?”

“आहेत. एक चालते.”

दिरानं शिवी दिली, मोठी, आईच्या कानावर जाईल अशी. कुणाला दिली ते सांगावं लागलं नाही. माझ्या हातातला पापड मोडला. कॅन्टीन, फोटो, शाल सगळं सोडून आता मला एका मशीनचा हेवा वाटत होता.

सुटी संपली. नवऱ्यानं बदलीसाठी अर्ज केला होता, तो कुठं अडकला ते कळलं नाही. मी त्याला दुर्गच्या बस स्टँडवर सोडायला गेले. जाऊ सोबत आली, मी नको म्हटलं नाही. तिनं त्याच्या डब्यात तिच्या हातच्या भाकऱ्या दिल्या, जाड, कडेला करपलेल्या.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. या वेळी बस थेट कॅम्पाजवळपर्यंत गेली होती, नव्या रस्त्यानं.

“रस्ता चांगला केला,” तो म्हणाला. “धक्का बी लागत नाही.”

मी विचारलं, “अन् ते जागा?”

“गेली मागं. बस थांबत नाही तिथं.”