गोपाळ पाणी घेऊन येतो

आमचं नाटक चाळीस मिनिटांचं, पण तालमी तीन महिने. उरलेल्या वेळात दुसरं काय होणार? किस्सेच होणार! देवासला आमच्या मंडळाचा गणपतीतला फार्स दरवर्षी होतो. आता किस्से इतके साठलेत की आम्ही चार जण चहाला बसलो की नव्या माणसाला तोंड उघडायची संधीच मिळत नाही. त्यातले निम्मे किस्से नानांचे असतात. उरलेल्या निम्म्यांतही नाना कुठेतरी असतातच, हातात पाण्याचा ग्लास घेऊन.

नाना म्हणजे आमचे लेखक, दिग्दर्शक आणि नट. पाटबंधारे खात्यात नोकरी केली, मनावर, डही अशा लहान गावांत, जिथे पाठवलं तिथे राहिले, आणि सगळीकडे फार्स लिहिले. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि सव्विसाव्या वर्षापासून नानांच्या नाटकात आत्याबाई होते. "तुझ्या चेहऱ्यावर शिस्त आहे," असं नानांनी सांगितलं, त्या दिवशी मी नायिका व्हायची आशा सोडली.

*

पाण्याची गोष्ट अशी. एका फार्समध्ये नर्मदेच्या मध्यावर नाव अडकलेली असते आणि नावेत सासरा-जावयाचं भांडण होतं. सासरा होते आमचे दिगूकाका. बँकेत सगळ्या खातेदारांची नावं तोंडपाठ, पण रंगमंचावर स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही! भर भांडणात काका गप्प झाले. प्रॉम्प्टरचा आवाज पोचेना.

विंगेत उभ्या असलेल्या नानांनी खांद्यावर टॉवेल टाकला, ग्लास उचलला आणि सरळ नदीतून चालत नावेपाशी गेले. वाकून म्हणाले, "साहेब, पाणी." वाकता वाकता कानात वाक्यही सांगितलं.

प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "नाना, पोहत आलात का?"

"छे हो," नाना म्हणाले, "इथे गुडघ्याएवढंच आहे. हे दोघं उगाच घाबरून राहिलेत!"

त्या वर्षापासून नानांच्या प्रत्येक नाटकात गोपाळ नावाचा गडी आहे. राजवाडा असो, दवाखाना असो, नाहीतर चंद्र असो, गोपाळ केव्हाही येतो, पाणी देतो, वाक्य सांगतो आणि जातो. स्वतःसाठी नानांनी याहून मोठी भूमिका कधी लिहिली नाही.

*

एका वर्षी दिगूकाका पहिल्याच अंकात सात वेळा अडले. नियम म्हणजे नियम, समोरच्यानं ग्लास रिकामा केल्याशिवाय गोपाळ जात नाही. आठव्यांदा नाना आले तेव्हा काकांनी हात जोडले. त्यांच्या विनवण्या माइकमधून अख्ख्या सभागृहाने ऐकल्या.

"नाना, वाक्य द्या. पाणी नको, यार!"

*

डहीला एका ओळखीच्या अधिकाऱ्यांनी हौसेनं आमचा प्रयोग ठेवला. तिथे मराठी समजणारं घर म्हणजे त्या अधिकाऱ्यांचंच. तरी माणसं शेवटपर्यंत शांत बसली आणि गोपाळ आला की मनापासून हसली. नाटक संपल्यावर एक म्हातारबाबा नानांना शोधत आत आले.

"भिया, वो पानी वाला बढ़िया था," ते म्हणाले. "पन ये बाकी लोग उसके काम में बीच-बीच में क्यों बोल रहे थे?"

नाना म्हणतात, माझ्या लेखनावरचं एवढं खरं मत आजवर दुसऱ्या कोणी दिलं नाही.

*

मध्यंतरी इंदूरच्या एका ओळखीतून नानांना टीव्हीच्या विनोदी कार्यक्रमासाठी बोलावणं आलं. आम्ही स्टेशनवर हार घेऊन सोडायला गेलो. तिसऱ्या दिवशी नाना परत!

"काय झालं?" आम्ही विचारलं.

"अरे, तिथे हसणं आधीच भरून ठेवलेलं असतं," नाना म्हणाले. "मग मी तिथे काय करू?"

*

नवी मुलं हिंदी शाळांतली. ऋचा आमची नायिका, बी.कॉम.ला आहे. मराठी फर्डं बोलते, पण वाचायचं म्हटलं की तिचा चेहरा पडतो. "नाना, पढायला नका लावू ना. तुम्ही बोलून पाठवा, मी पाठ करून टाकते," म्हणाली. म्हणून नाना घरी बसून तिची वाक्यं फोनवर रेकॉर्ड करून पाठवू लागले.

पोरीनं सगळं पाठ केलं. नानांचा खोकलासुद्धा! रंगीत तालमीला नायकाकडे बघून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मी लग्न करीन तर तुमच्याशीच... अगं हो, केला बंद गॅस!"

रेकॉर्डिंगच्या वेळी स्वयंपाकघरातून माईंनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, "अहो, गॅस बंद केलात का?" असं विचारलं होतं. माईंचा प्रश्न ऋचाला फोनवर नीट ऐकू आला नाही, नानांचं उत्तर मात्र आलं. तिला वाटलं, नाटकातलंच असेल.

नानांनी ते वाक्य तसंच ठेवलं. प्रयोगात सगळ्यात मोठा हशा त्यालाच आला. तेव्हापासून आमच्यात कोणी कोणाला फोन केला, तर नमस्काराच्या आधी गॅसची चौकशी होते.

*

गेल्या वर्षी नाना विसरायला लागले. आधी चष्मा, मग तालमीचा वार. एक दिवस मला "आपण कोण?" असं विचारलं, तेही इतक्या अदबीनं की मला रडूच आलं. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार.

नानांनाही सगळं सांगितलेलं होतं. तालमीत म्हणाले, "दिगू वीस वर्षं विसरून राहिलाय, त्याला कोणी डॉक्टरकडे नेलं नाही!" आम्ही हसलो. हसल्यावर कोणाला कोणाकडे बघवेना.

त्यांची एकच इच्छा होती. ते मूळचे धारचे. तिथल्या मंडळात यंदाचा प्रयोग करायचा, आणि गोपाळ त्यांनीच व्हायचं. मग बस्स.

माईंनी मला बाजूला घेतलं. "लोक ह्यांच्या विनोदाला हसतात, ते चाळीस वर्षं ऐकतेय," त्या म्हणाल्या. "पण लोक ह्यांना हसले ना, तर मला सोसायचं नाही. तू सांभाळ."

मग आम्ही ठरवलं की कोणी अडायचंच नाही. म्हणजे नानांना मध्ये जावं लागणार नाही. शेवटी एकदा पाणी द्यायचं, टाळ्या घ्यायच्या. दिगूकाका महिनाभर सकाळी फिरताना वाक्यं घोकत होते. गवळ्यालासुद्धा त्यांचं भाषण पाठ झालं!

*

धारला सभागृह भरलं होतं. माई पहिल्या रांगेत होत्या. विंगेत नानांची जबाबदारी माझ्यावर. दिगूकाका आणि ऋचाचा प्रवेश रंगला होता आणि काका एकही शब्द न चुकता बोलत होते. मी पदराची पिन लावायला मान वळवली. परत बघते तर टेबलावरचा ग्लास नाही आणि नाना रंगमंचावर!

गोपाळ दिसल्याबरोबर लोक हसले. नाना मधोमध गेले आणि थांबले. वाकले नाहीत, बोलले नाहीत. एकदा काकांकडे पाहिलं, एकदा दिव्यांकडे.

ऋचानं पुढे होऊन ग्लास घेतला. "बरं झालं आलात, गोपाळ. घसा कोरडाच पडला होता," म्हणाली आणि घोट घोट पीत राहिली. पाणी संपलं. नाना तिथेच. मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं, आणि ते हसणं वेगळं होतं.

माई उठून उभ्या राहिल्या. जन्मात कधी नाटकात एक शब्द बोलल्या नव्हत्या. खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अहो, गॅस बंद केलात का?"

नानांनी मान वळवली.

"अगं हो, केला बंद!" ते म्हणाले. "चार लोकांत तरी विचारू नकोस!"

सभागृहात एकच हशा उसळला. नानांनी ऋचाच्या हातातला ग्लास घेतला, टॉवेलनं पुसला, वाकून नमस्कार केला आणि टाळ्यांत विंगेत आले. मला विचारलं, "कोण अडलं होतं गं?"

एवढ्यात प्रवेश संपवून दिगूकाका आत आले. त्यांनी प्रश्न ऐकला होता.

"मीच, नाना," काका म्हणाले.

"वाटलंच मला. वीस वर्षं झाली, दिगू, अजून तुझं पाठ नाही."

काकांनी दोन्ही कान धरले. "चुकलं, नाना. पुढच्या वर्षी पक्कं करतो."