फेन्स म्हणजे वई

कर्जतच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो तेव्हा तालुक्यात इंग्रजी कागद वाचून दाखवणारी माणसं फार थोडी होती. कुणाला रेल्वेची नोटीस येई, कुणाला मुंबईच्या वकिलाचं पत्र. शाळा सुटेपर्यंत लोक ओट्यावर बसून राहत. मी वाचून अर्थ सांगे, आणि खरं सांगायचं तर त्या सांगण्याची मला चटक लागली होती.

एका उन्हाळ्यात मुंबईच्या एका बॅरिस्टरांनी कशेळ्याच्या पलीकडे, एका ठाकूरवाडीच्या खालची जमीन बागेसाठी विकत घेतली. वाडीच्या बायकांची झऱ्यावर जायची वाट त्याच जमिनीतून होती. बाजाराला जायची वाटही तीच. बॅरिस्टरांचा कारभारी एक इंग्रजी कागद घेऊन माझ्याकडे आला. जमिनीला 'फेन्स' घालायला वाडीची हरकत नाही, एवढाच त्याचा मजकूर. मी अर्थ समजावून सांगायचा, वाडीने अंगठे द्यायचे आणि अर्थ सांगणारा म्हणून खाली मी सही करायची.

वाडीवर सगळे आंब्याखाली जमले. तिथे एक पोक्त बाई होती, वाडीची सुईण. तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. मी कागद वाचला, तेव्हा तीच पुढे आली.

"ते फेन्स म्हंजे काय, मास्तर?"

कुंपण म्हणावं असं आधी मनात आलं. पण त्यांच्या बोलण्यात तो शब्द नव्हता. त्यांच्याजवळचा शब्द शोधावा म्हणून मी म्हणालो, "फेन्स म्हणजे वई."

"वई व्हय," ती म्हणाली. "मंग घालू दे की. वईला काय, सुगी झाली का मोडायची. आन् वाटंला फट ठेवतीलच."

वई म्हणजे काट्याकुट्यांची. भात उभं असेतो गुरं आत शिरू नयेत म्हणून घातलेली, आणि माणसाला जायला फट ठेवलेली. कापणी झाली की तिच्या काट्या चुलीत जात. कारभाऱ्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला तेव्हाच कळला होता की नाही, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. नक्की उत्तर देता येत नाही. अंगठे झाले, मी सही केली, आणि अचूक शब्द सापडल्याच्या खुशीत घरी आलो.

दिवाळीनंतर कर्जत स्टेशनातून बैलगाड्या निघाल्या. लोखंडी खांब आणि काटेरी तारेची भेंडोळी. जमिनीभोवती पाचपदरी तार चढली. फट कुठेच नव्हती.

सुईण चालत कर्जतला आली. हातावर तारेने फाडलेली जखम होती, पण ती दाखवायला ती आली नव्हती. "आमी मामलेदाराकडं अर्ज केलाय," ती म्हणाली. "तुमी आमाला वई सांगितली, येवढंच तिथं येऊन बोला. दुसरं काय नको."

"बोलेन," मी म्हणालो.

सुनावणीच्या दोन दिवस आधी कारभारी घरी आला. चहा घेतला, शाळेची चौकशी केली. मग म्हणाला, "मास्तर, सही तुमची आहे. अर्थ चुकीचा सांगितला असं तुम्हीच म्हणालात, तर शाळा चालवणाऱ्या लोकल बोर्डातली मंडळी विचारतील, हा माणूस मुलांना इंग्रजी कसलं शिकवतो?" एवढं बोलून तो उठला.

मी शाळेतला कोश काढून पाहिला. फेन्स: कुंपण, वई, आवार. त्याखाली तलवारीचे हात खेळणे. त्याखाली उडवाउडवीची उत्तरं देणे. शेवटी, चोरीचा माल घेणारा. वई हा शब्द कुंपणाच्या लगोलग, दुसऱ्या क्रमांकावर छापलेला होता. म्हणजे माझी चूक नव्हतीच. कोश पुढे ठेवून मी ताठ मानेने सांगू शकलो असतो की हो, मी वई म्हणालो, आणि ते बरोबरच होतं. हे मला त्या संध्याकाळी स्वच्छ दिसत होतं.

कचेरीत मामलेदारांनी विचारलं, "फेन्स या शब्दाचा अर्थ तुम्ही या लोकांना काय सांगितलात?"

"कुंपण," मी म्हणालो.

"वई असं म्हणाला नव्हतात?"

"नाही. कुंपण."

"आणि तारेचं असलं तरी ते कुंपणच?"

"हो."

सुईण खाली भिंतीपाशी बसली होती. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. "मास्तर," ती म्हणाली, "त्यो शब्द तुमी आमच्याम्होरं काढलाच नाय."

मामलेदार लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही. मीही केली नाही. अर्ज फेटाळला गेला.

बायका टेकडीला वळसा घालून पाणी आणू लागल्या. उन्हाळ्यात दोन खेपांत सकाळ सरायची. दुसऱ्या वर्षी तीन घरं वाडी सोडून कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला गेली. ती परत आल्याचं मी ऐकलं नाही. मला मात्र हेडमास्तर केलं. माझ्या इंग्रजीची तारीफ झाली. कागद वाचायला लोक पुढेही येत राहिले, फक्त ठाकूरवाड्यांवरून कुणी आलं नाही. ते शिळफाट्याच्या एका दुकानदाराकडे जात. त्याला इंग्रजी जेमतेम येई.

पुढे कशेळ्याच्या बाजारात ती एकदा दिसली. पुढ्यात मोहाची फुलं मांडून बसली होती. मला टाळता आलं असतं, पण पाय तिकडे वळले. काय बोलायचं ते मी मनात जुळवलं होतं.

"बरं हाय का, मास्तर?" तिनेच विचारलं.

"बरं आहे," मी म्हणालो.

ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी थोडा वेळ उभा राहिलो. तिने पुन्हा वर पाहिलं नाही, तेव्हा तसाच निघालो.