दाजींची बांधाबांध

आमच्या दाजींनी आयुष्यात एकही वस्तू नुसती ठेवली नाही. जी वस्तू हलू शकते ती आज ना उद्या हलणार, आणि हलली की कुणाच्या तरी अंगावर पडणार, अशी त्यांची ठाम समजूत आहे. त्या समजुतीपायी काचीगुड्यातल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात गॅसचा सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधलेला असतो, पाण्याचा ड्रम नळाला, टीव्ही कपाटाला आणि कपाट भिंतीला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. लग्न होऊन ती त्या घरात गेली तेव्हा देव्हाऱ्यातला बाळकृष्णसुद्धा पाटाला सुतळीनं जखडलेला होता, असं ती सांगायची. तिला तिखटमीठ लावून सांगायची सवय, म्हणून मी बरेच दिवस ते मनावर घेतलं नाही. मग एका गणपतीत आरतीला गेलो आणि चौरंगाच्या पायांना चारी बाजूंनी लाकडी पाचरी ठोकलेल्या पाहिल्या. "रेल्वे जाती ना इथून. घर हादरतंय," दाजी म्हणाले. रेल्वे तिथून चांगली लांबून जाते.

पण रेल्वेचं नाव त्यांनी उगीच घेतलं नव्हतं. दाजी एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे नोकरीला आहेत. शहराबाहेरच्या सायडिंगवर सागाचे आणि निलगिरीचे ओंडके मालगाडीच्या उघड्या वॅगनवर चढवतात, ते नीट बांधले गेले आहेत की नाही हे पाहायचं आणि मगच गाडी सोडायची, हे त्यांचं काम. बाकीचे लोक साठीला घरी बसतात. यांना मालकही सोडत नाही आणि हेही मालकाला सोडत नाहीत. मी एकदा त्यांच्याबरोबर तिथं गेलो होतो. एका ओंडक्याचा बुडखा इकडे, तर शेजारच्याचा शेंडा इकडे, म्हणजे भार सारखा बसतो. तळाच्या थराला पाचरी, दोन्ही बाजूंना उभे खुंट, वरून तारेचे दोर, आणि त्या तारेत लोखंडी दांडा घालून दिलेला पीळ. हमाल सगळे तेलुगू बोलणारे. दाजींचं तेलुगू दोन शब्दांचं, "इंका गट्टिगा!" म्हणजे अजून घट्ट. दिवसभर ते एवढंच ओरडत असतात, त्यामुळे तिथं त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही, सगळे त्यांना 'गट्टिगा सारू', म्हणजे 'घट्ट साहेब', म्हणतात. आणि एवढं आवळून झाल्यावर, हमालांनी विड्या पेटवल्यावर, दाजी इंजिनवाल्याला वॅगनला एक धक्का द्यायला लावतात. धक्क्यानं ओंडके खाली बसतात, घट्ट वाटणाऱ्या तारा ढिल्या पडतात. मग ते हमालांना विड्या विझवायला लावून सगळं पुन्हा आवळून घेतात. या दुसऱ्यांदा आवळण्यावरून मालकाशी त्यांचं दर आठवड्याला वाजतं.

तिथल्याच एका हमालाचा जीव गेला तो मात्र बांधताना गेला नाही. लाकूड उतरवायला आलेल्या एका परक्या वॅगनवरचे खुंट काढले आणि वरचा ओंडका घरंगळला. तो माणूस बाजूला झाला असता तर वाचला असता, पण त्यानं ओंडका अडवायला हात पुढं केले. दाजी समोरच उभे होते. त्या दिवशी घरी आल्यावर ते जेवले नाहीत, नुसते स्वतःच्या तळव्यांकडे बघत बसले, असं अक्कानं मला सांगितलं. तेव्हापासून त्यांचा एक कायदा झाला. दोरानं धरायचं, हातानं धरायचं नाही. माझा भाचा, म्हणजे त्यांचा मुलगा, लहान होता तेव्हा जिन्यात त्याचं बोट धरायचं झालं तरी आधी ते कठड्याकडे बोट दाखवायचे.

हे सगळं सायडिंगवरच राहिलं असतं तर आमची काही तक्रार नव्हती. आमच्या एका भाचीच्या लग्नात भटजींनी नवरानवरीच्या शेल्याला मारलेली गाठ त्यांना पसंत पडली नाही. "ही गाठ हॉलच्या दारापर्यंतसुद्धा टिकत नाही," असं म्हणून त्यांनी ती स्वतः मारून दिली. जेवणाची पंगत बसली तरी ती सुटेना, आणि बिचाऱ्या दोघांना हात धुवायलासुद्धा जोडीनं जावं लागलं. कोठीच्या बाजारातून माझ्यासाठी पुस्तकांचं जुनं कपाट आणायचं होतं तेव्हाही दाजी खिशात दोर घेऊनच आले. रिक्षाला कपाट त्यांनी इतके वेढे देऊन बांधलं की रिक्षावाला खाली उतरून कंबरेवर हात ठेवून बघत राहिला. "चाचा, अलमारी कू बांधरे की मेरेकू?" त्यानं विचारलं. दाजींचं तिकडे लक्षच नव्हतं. पहिला गतिरोधक गेल्याबरोबर त्यांनी रिक्षा थांबवली, खाली उतरले आणि पुन्हा आवळायला लागले. मागं बसचा हॉर्न, बसच्या मागं आणखी हॉर्न. मी रिक्षात तोंड लपवून बसलो होतो.

आता, ज्याला इतकं छान बांधता येतं त्याला लोक कशासाठी बोलावणार? काचीगुडा-बरकतपुऱ्याच्या मराठी घरांतून कुणी गेलं की पहिला फोन डॉक्टरला आणि दुसरा दाजींना. शहरात तिरडी बांधणारी माणसं उरलेली नाहीत. दाजी येतात, चपला काढतात, बांबू वाकवून बघतात, कामट्या सारख्या अंतरावर लावतात आणि काथ्याचा दोर असा ओढतात की गेलेला माणूस कितीही वजनदार असो, कितीही अरुंद जिना असो, खांदेकऱ्यांना घोर नाही. वाटेत विसाव्याला तिरडी खाली ठेवतात, खांदे बदलतात. बाकीचे लोक तेव्हा डोळे पुसत असतात. दाजी खाली वाकून दोर पुन्हा आवळत असतात, कारण चालण्याच्या धक्क्यांनी भार बसलेला असतो. एकदा गडबडीत ते हमालांना ओरडतात तसं "इंका गट्टिगा!" ओरडले, आणि त्या घरातल्या सुनेला एवढ्या दुःखातही हसू दाबायला पदर तोंडाला लावावा लागला.

त्यांची आई गेली तेव्हाही तिरडी त्यांनीच बांधली. बांबू ओला निघाला म्हणून ते बांबूवाल्याशी भांडले, दुसरा आणला, तासून घेतला, बांधला, विसाव्याला आवळला. आईवर त्यांचा जीव होता, पण त्या सगळ्या गडबडीत ते रडले नाहीत. पुढे कितीतरी महिन्यांनी भाजीवाल्याकडे उभे असताना एकदम हमसाहमशी रडायला लागले आणि अक्कानं त्यांना हाताला धरून घरी आणलं. लोकांना वाटलं, चक्कर आली.

अक्काला आतड्याचा कॅन्सर झाला आणि तो कळेपर्यंत उशीर झाला. कोठीतल्या दवाखान्यात तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. दाजी तिला रिक्षातून न्यायचे आणि स्वतःच्या उपरण्यानं तिला सीटला बांधायचे. "अवो, मी काय निलगिरी हाय का?" ती म्हणायची. शेवटी शेवटी तिचं वजन इतकं उतरलं की बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं, पण बोलत कुणी नव्हतं. एका दुपारी मी भेटायला गेलो तेव्हा तीच बोलली. दाजी पलंगाच्या पायाला काहीतरी गुंडाळत होते.

"अवो, ते ऱ्हाऊ द्या. इकडं बगा," अक्का म्हणाली. "मी गेल्यावर मला तुमी बांधायचं नाही."

दाजींचे हात थांबले. "मग कोण बांधणार?"

"हा बांधंल," तिनं माझ्याकडे बोट केलं.

"याला बुटाची नाडी बांधता येत नाही."

"नाही आली तर नाही आली. तुमी बांधायला बसलाव की तुमाला काई दिसत नाही. सासूबाईंच्या वेळेला बगितलंय मी. माझा वॅगनवरचा लोड करून मोकळे व्हाल, आन् मग सहा महिन्यांनी भाजीवाल्यापुढं रडाल. तवा तुमाला घरी आणायला मी नसणार ना." तिला धाप लागली. मी म्हटलं, अक्का, गप्प राहा. ती राहिली नाही. "मला तुमी रडलेलं पायजे. त्याच दिवशी. माझ्यापुढं. शब्द द्या."

दाजींनी हातातलं गुंडाळायचं खाली ठेवलं. मग "हौ," एवढंच म्हणाले. मला बाहेर येऊन जिन्यात उभं राहावं लागलं.

ती गेली ती सकाळी, सवाष्ण गेली. शेजारणींनी तिला हिरवी साडी नेसवली, मळवट भरला. गल्लीतल्या लोकांनी सवयीप्रमाणे बांबू आणि काथ्या आणून दाजींच्या पायांशी ठेवला. दाजी भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि मानेनं माझ्याकडे खूण केली. लोकांना हे काय ते कळेना. मी बसलो. शेजारच्या पोरानं मोबाइलवर तिरडी बांधायचा व्हिडिओ लावून दिला, त्यात बघून बघून मी बांधत होतो. गाठ मारली की सुटत होती, सुटली नाही तर भलतीकडेच बसत होती. मी वर बघितलं तर दाजी डोळे मिटून उभे, आणि गाठ सुटली की त्यांच्या कपाळाला आठी पडत होती. माझी प्रत्येक गाठ चुकलेली आहे हे त्यांना आवाजावरून कळत असणार.

तीन मजल्यांचा तो जिना आम्ही कसा उतरलो ते आमचं आम्हाला माहीत. प्रत्येक वळणाला ती घसरायची आणि आम्ही थांबून तिला सारखं करायचो. भाचा पुढं मडकं घेऊन चालला होता, त्याच्या मागं आम्ही खांदेकरी, आणि बाजूला दाजी, हात अजून पाठीमागंच. विसाव्याला तिरडी खाली ठेवली. दोर अगदी ढिला पडला होता. खांदे बदलण्याच्या गडबडीत माझं लक्ष गेलं तेव्हा दाजी खाली बसले होते आणि दोराचं टोक त्यांच्या हातात होतं. त्यांनी एक वेढा घेतला, गुडघा लावला आणि ओढलं. मी काही बोलणार एवढ्यात त्यांचे हात जागच्या जागी थांबले. ते दोराकडे बघत राहिले. मग तिच्या तोंडाकडे.

"चुकलो गं," ते म्हणाले. "हातांनी केलं. मी नाही केलं. चुकलो."

घेतलेला वेढा त्यांनी उलटा सोडवला, दोर होता तसा ढिला केला, आणि तिथंच रस्त्याच्या कडेला, सगळ्या गल्लीसमोर, कपाळ तिच्या पायांवर टेकून ते रडले. मी त्यांना तसं रडताना कधी पाहिलं नव्हतं. मागून सिटी बस येत होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला नाही. कुणीतरी म्हणालं, "दाजी, आता तरी आवळून घ्या, पुढं रस्ता खराब आहे." दाजींनी मान हलवली. "नक्को. ती नको म्हणली."

पुन्हा तिरडी उचलली तेव्हा त्या ढिल्या दोरातून तिचा एक हात कडेला निसटला, हिरव्या बांगड्यांसकट. मी तो आत सारणार होतो. दाजींनी तो धरला. तिरडी खांद्याच्या उंचीवर, दाजी अंगानं बुटके, त्यामुळे त्यांना हात वर उचलूनच चालावं लागत होतं. तसेच ते अंबरपेठेच्या स्मशानापर्यंत आले.

या गोष्टीला आता काही महिने झाले. दाजी सायडिंगवर जातात, मालकाशी भांडतात, फोन आला की तिरडीही बांधून देतात. रविवारी मात्र अंबरपेठेला माझ्याकडे येतात. परवा चहा घेताना त्यांचा उजवा खांदा अवघडलेला दिसला. कपबशी त्यांनी डाव्या हातानं उचलली. मी विचारलं, "दाजी, खांदा अजून दुखतो का?"

"दुखतोय की," ते म्हणाले. त्यांनी कपबशी खाली ठेवली. मग हळूच, स्वयंपाकघरातल्या माझ्या बायकोला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, "कोठीत रस्ता वलांडताना ती हात पुढं करायची हो. मला लाज वाटायची लोकांची. मी आपला पुढं निघून जायचो, आन् ती मागनं एकलीच यायची. त्या दिवशी मात्र भर रस्त्यानं, सगळ्यांच्या देखत, तिचा हात धरून चाललो मी. तिला कळलं असंल का हो?"

मी म्हटलं, "कळलं असणार, दाजी." त्यांनी मान डोलावली आणि थंड झालेला चहा पिऊन टाकला.